मागच्या फळीवरचं ओझं: जुन्या मोटरबोटी आणि आउटबोर्ड इंजिनांची पार्श्वभूमी

जुनी, छोटी, देखणी मोटरबोट हाताशी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिला किती एचपीचं इंजिन लावायचं? माझ्या मते त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ही होडी बांधली गेली त्या काळी तेवढ्या ताकदीच्या इंजिनाचं वजन किती भरायचं? बांधणाऱ्याने मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, त्याच वजनाचा अंदाज घेऊन बसवलेली असते. बैठकी कुठे, पेट्रोलची टाकी कुठे, होडी पाण्यात किती बुडेल, हे सगळं त्याच हिशोबाने ठरतं. पुढे इंजिनं बदलत गेली आणि होडी होती तशीच राहिली. म्हणून आज इंजिन निवडताना हा मागचा प्रवास माहीत असणं फार उपयोगी पडतं.

सुरुवात पेट्रोलने झाली नाही, विजेने झाली. गुस्ताव्ह ट्रुव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्ये पॅरिसला सीन नदीत एक छोटी होडी चालवून दाखवली. मोटर सुकाणूच्या डोक्यावर, तिथून साखळीने फिरणारा पंखा सुकाणूच्याच पात्यात, आणि बॅटऱ्या होडीच्या आत. सुकाणू वळवलं की पंखाही वळायचा. ट्रुव्हेची ही मांडणी लक्षात ठेवा, शेवटी ती परत येणार आहे.

पेट्रोलवरची यंत्रं अमेरिकेत विसाव्या शतकाच्या तोंडावर दिसू लागली. कॅमेरॉन वॉटरमन याने १९०५ च्या सुमारास ‘पोर्टो’ नावाचं सुटं इंजिन विकायला काढलं. ‘आउटबोर्ड’, म्हणजे होडीच्या बाहेर मागच्या फळीवर टांगायचं इंजिन, हा शब्दही त्याच्याच नावावर मांडला जातो. पण आज आपण जे आउटबोर्ड ओळखतो, त्याचा घाट पक्का केला तो ओले एव्हिनरूड याने. नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला हा माणूस मिलवॉकीत यंत्रांचे साचे बनवायचा. सहलीला गेलेल्या बेससाठी, म्हणजे त्याच्या भावी बायकोसाठी, तो ओकाउची तलावातून वल्ही मारत आइस्क्रीम आणायला गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्याने बनवलेलं यंत्र पाहून बेसला कॉफी दळायच्या चक्कीची आठवण झाली म्हणतात. पुढे धंद्याची बाजू तिनेच सांभाळली. ‘वल्ही मारू नका, फेकून द्या’ अशा अर्थाची त्यांची गाजलेली जाहिरात तिचीच.

१९०९ मध्ये बाजारात आलेलं ते इंजिन दीड एचपीचं होतं. वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर. एकच आडवा सिलिंडर, उभा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा दांडा), खाली पाण्यात गिअर आणि पंखा. ही रचना आजतागायत टिकली आहे. सुरू करायची पद्धत मात्र हाताची परीक्षा बघणारी होती. वरच्या उघड्या फ्लायव्हीलला एक मूठ बसवलेली असायची. ती धरून चाक जोरात फिरवायचं आणि इंजिनाने पेट घेताच बोटं झटकन मागे घ्यायची, कारण चाकाबरोबर ती मूठही फिरत राहायची. एकाच सिलिंडरचे हादरे थेट फळीत उतरायचे. त्या काळच्या जुन्या होडीच्या फळीवर हात फिरवला तर क्लॅम्पच्या चकत्यांनी पाडलेले दोन गोल खळगे बोटांना लागतात. तिथलं लाकूड सर्वांत आधी दबतं आणि पाणीही तिथूनच आत शिरतं.

बेसच्या तब्येतीमुळे ओलेने १९१४ मध्ये आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि काही वर्षं स्पर्धेत न उतरण्याचं मान्य केलं. त्या रिकाम्या काळात त्याने ॲल्युमिनियमचा सढळ वापर केलेलं, दोन सिलिंडरचं हलकं इंजिन डोक्यात घोळवलं. जुन्या भागीदाराने ते नाकारलं, तेव्हा त्याने ‘एल्टो’ हा नवा धंदा उभारला. तीन एचपी आणि वजन साधारण २२ किलो. ताकद दुप्पट, ओझं कमी. जवळपास त्याच वेळी जॉन्सन बंधूंनी २ एचपीचं अवघ्या ३५ पौंडांचं, म्हणजे १६ किलोंचं इंजिन काढलं. या दोघांतही सिलिंडर समोरासमोर होते. दोन्ही पिस्टन एकदमच बाहेर जात आणि एकदमच आत येत, त्यामुळे एकाचा झटका दुसरा खाऊन टाकायचा. छोट्या होड्यांच्या दृष्टीने मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. इथून पुढे एकटा माणूस इंजिन खांद्यावर टाकून काठापर्यंत जाऊ शकला आणि बांधणाऱ्यांना फळी हलकी ठेवायची मुभा मिळाली.

१९२६ मध्ये जॉन्सनच्या ६ एचपी इंजिनाने होडीला ताशी १६ मैलांचा वेग दिला आणि होड्यांची दोन घराणी वेगळी झाली. पहिलं घराणं पाणी कापत जाणारं. अशी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्याच्या रेघेवरची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि २.४३ ने गुणा, म्हणजे तिचा कमाल सोयीचा वेग नॉटमध्ये मिळतो. ४ मीटरच्या होडीला हा आकडा ४.८६ नॉट येतो, म्हणजे ताशी जेमतेम ९ किलोमीटर. चार-पाच एचपीत तो गाठता येतो. त्यावर वीस एचपी लावले तर नाक आभाळाकडे, बूड पाण्यात आणि पेट्रोल वाया. दुसरं घराणं सपाट बुडाचं, पुरेशी ताकद मिळाली की पाण्यावर उचलून धावणारं. आपली होडी यातल्या कोणत्या घराण्यातली, हे तिला किनाऱ्यावर उपडी घालून मागून पाहिलं की कळतं. बूड मागे वर वळून निमुळतं होत असेल तर ती पहिल्यातली. शेवटपर्यंत सपाट जाऊन फळीपाशी धारदार काटकोनात संपत असेल तर दुसऱ्यातली.

पहिल्या घराण्यासाठी इंग्लंडमध्ये ‘ब्रिटिश सीगल’ नावाचं इंजिन होतं. १९३० च्या दशकात सुरू झालेलं हे यंत्र १९९० च्या दशकापर्यंत फारसं न बदलता बनत राहिलं. अंगावर आवरण नाही, दोरी प्रत्येक वेळी फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवून गुंडाळायची आणि ओढायची, पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा. जड होडी हळू ढकलायला मोठा पंखा सावकाश फिरवणं हाच खरा उपाय, हे या इंजिनाने पिढ्यान्‌पिढ्या दाखवून दिलं. आजही अशा होडीला नवं इंजिन घेताना एचपीच्या जोडीला गिअरचं प्रमाण आणि पंख्याचा व्यास विचारावा. जुन्या सीगलला पेट्रोलच्या १० भागांत १ भाग ऑइल घालावं लागायचं. होडीमागे पाण्यावर उमटत जाणारा इंद्रधनुषी तवंग ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचे कायदे का आले हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र दुसऱ्या घराण्याचा जमाना आला. १९४९ मध्ये जॉन्सनच्या १० एचपी इंजिनाने पुढे-न्यूट्रल-मागे असा पूर्ण गिअर आणि वेगळी पेट्रोल टाकी आणली. टाकी इंजिनावरून उतरून होडीच्या तळाशी आली, स्टिअरिंग पुढे गेलं, समोर काच आली, आणि आज आपण ज्यांना ‘क्लासिक’ म्हणतो त्या प्लायवूडच्या आणि फायबरग्लासच्या होड्यांचा नमुना तयार झाला. १९५८ मध्ये ५० एचपीची चार सिलिंडरची इंजिनं आली. त्याच वर्षी बॉस्टन व्हेलर या कंपनीची १३ फुटी होडी आली, दोन फायबरग्लासच्या कवचांमध्ये फोम भरलेली. या काळातल्या होड्यांच्या फळ्या साधारण १५ इंच उंचीच्या शाफ्टसाठी, म्हणजे इंजिनाच्या फळीवरून खाली पाण्यात उतरणाऱ्या पायासाठी, कापलेल्या असत आणि तेव्हाचं ४० एचपीचं टू-स्ट्रोक ६०-७० किलोंत बसायचं.

ती जुनी टाकी आज वापरणार असाल तर एक जपा. १९५० च्या दशकातल्या अनेक टाक्यांना इंजिनातून हवेचा दाब देऊन पेट्रोल वर ढकललं जायचं, म्हणून त्यांना दुहेरी नळी असायची. साठ-सत्तर वर्षांच्या पत्र्याच्या डब्यात दाबाखालचं पेट्रोल ठेवणं मला पटत नाही. फ्युएल पंप बसवून साधी टाकी वापरणं कधीही बरं.

आकड्यांचाही एक गुंता आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक कंपन्या क्रँकशाफ्टवरची ताकद सांगायच्या. नंतर पंख्याच्या शाफ्टवर मोजलेली ताकद सांगायची रीत पडली. मधल्या गिअरमध्ये काही ताकद जातेच, त्यामुळे जुनं ४० म्हणजे आजच्या मोजमापात ३५ च्या आसपास. जुन्या माहितीपत्रकात ४० लिहिलंय म्हणून नवं ४० घेणारा माणूस नकळत जास्त ताकद आणि पुष्कळ जास्त वजन घरी आणतो.

वजन का वाढलं, त्याचं उत्तर कायद्यात आहे. कार्बुरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना जळालेला धूर बाहेर ढकलतं आणि त्याच्याबरोबर स्वतःही थोडं निसटतं. अशा इंजिनात पेट्रोलचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त न जळताच पाण्यात जाऊ शकतो. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधल्या बोडेनझे सरोवरावर १९९३ पासून इंजिनांच्या धुरावर कडक मर्यादा आल्या. अमेरिकेत १९९६ चा नियम १९९८ ते २००६ असा टप्प्याटप्प्याने लागू झाला. युरोपीय महासंघाचा निर्देश २००३ चा. होंडा १९६४ पासून फोर-स्ट्रोक बनवत होतीच, आता सगळेच तिकडे वळले. पाणी स्वच्छ झालं, आवाज आणि इंधन वाचलं, हे मी मनापासून मान्य करतो. पण व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट आणि ऑइलचा कुंड यांचं ओझं फळीवर आलं. आजचं ४० एचपीचं फोर-स्ट्रोक शंभर किलोंच्या घरात जातं, आणि या आकाराची इंजिनं बहुतेक २० इंची शाफ्टची मिळतात. १५ इंची फळीवर ते टांगलं तर पंखा पाच इंच जास्त खोल जातो, पाण्याचा अडथळा वाढतो, आणि मागून लाट आली तर पाणी थेट आत.

जुन्या काळचंच इंजिन शोधून लावणं, हा मार्ग प्रेमाचा आहे. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला तडे गेलेले असतात, पाण्याच्या पंपाचं रबर कडक झालेलं असतं, पण दोन्ही बदलता येतात. एव्हिनरूड आणि जॉन्सन पुढे एकाच कंपनीखाली आले होते; ती कंपनी २००० च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि नव्या मालकाने २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबवलं. म्हणून मॉडेल क्रमांक घेऊन आधी सुटे भाग मिळतात का ते बघा, मग इंजिनाचे पैसे द्या. आणि त्या पाण्यावर टू-स्ट्रोकला परवानगी आहे ना, हेही.

सावकाश चालणाऱ्या होडीसाठी मला हल्ली विजेचं इंजिन जास्त पटतं. टॉर्कीडो ही कंपनी २००५ मध्ये जर्मनीत श्टार्नबर्गला सुरू झाली. तिथल्या सरोवरावर पेट्रोल इंजिनांचे परवाने मोजकेच. फळीवर फक्त मोटर, आणि बॅटरी हवी तिथे, अगदी मधोमध तळाशी. ट्रुव्हेनेही बॅटऱ्या होडीतच ठेवल्या होत्या. नाजूक फळीच्या जुन्या होडीला ही वाटणी फार मानवते.

शेवटी इंजिन कोणतंही पसंत पडलं तरी पैसे देण्याआधी एक अर्धा तास काढा. फळी आतून हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. टणक आवाज मधेच बोदा झाला तर आधी फळीचं काम. मग होडी पाण्यात सोडा. नवं इंजिन जितक्या किलोंचं आहे तितके लिटर पाणी कॅनमध्ये भरून ते अगदी मागे, फळीला टेकवून ठेवा आणि चालवणारा माणूस त्याच्या जागेवर बसवा. इतक्या वर्षांच्या पाण्याने होडीच्या अंगावर एक फिकट डाग सोडलेला असतो. काठावरून वाकून तो डाग मागच्या बाजूला अजून पाण्याच्या वर दिसतोय का, ते बघा.