पार्श्वभूमी: व्यावसायिक पूल आणि त्याचा प्रेक्षक

पूल म्हणजे लांब काठीने पांढरा बॉल मारून बाकीचे आकडे घातलेले बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये पाडायचा खेळ. व्यावसायिक पूल बघायला रंजक असतो का, हा वाद दर डिसेंबरात हमखास निघतो. युरोप विरुद्ध अमेरिका ही नाइन-बॉल या पूलच्या प्रकारातली सांघिक स्पर्धा त्याच महिन्यात होते. प्रेक्षक घोषणा देतात, गाणी म्हणतात, काही वेळा खेळाडू नेम धरून वाकलेला असतानाही आरडाओरडा चालू असतो. जुन्या जाणकारांना हा तमाशा वाटतो. उलट पहिल्यांदाच बघणाऱ्यांना पूल इतका थरारक असू शकतो हे तिथेच कळते. या वादात खेळाडूंचा स्वभाव आणि खेळाचा वेग यांचीच चर्चा फार होते. इतिहास पाहिला तर पारडे खाली-वर झाले ते दोन गोष्टींमुळे: टेबलावर कोणता प्रकार खेळला जातोय आणि ब्रेकचा, म्हणजे रचलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्याचा, नियम काय आहे.

पैसे मोजून टेबलावरचा खेळ बघायला लोक जमणे ही गोष्ट जुनी आहे. 1859 साली डेट्रॉइटमध्ये पंधरा हजार डॉलरच्या पैजेवर बिलियर्ड्सचा सामना झाला होता. 1920 च्या दशकात अमेरिकेचा पूल विजेता न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहात रंगमंचावर प्रयोग करायचा. टेबलावर काय चाललेय हे खुर्चीत बसलेल्यांना दिसावे म्हणून वर मोठा आरसा टांगलेला असे. आज छताला लावलेला कॅमेरा जे काम करतो, ते काम तो आरसा करत होता.

त्या काळी विजेतेपद ठरायचे ते स्ट्रेट पूलवर. पंधरा बॉल, कोणताही बॉल कोणत्याही पॉकेटमध्ये टाका, पण आधी सांगून टाका. प्रत्येकाला एक गुण. चौदा गेले की पंधरावा ठेवून बाकीचे पुन्हा रचायचे आणि तोच खेळाडू पुढे चालू. दीडशे गुणांच्या सामन्यात चांगला खेळाडू एकदा लयीत आला की समोरचा उठतच नाही. 1954 साली ओहायोतल्या स्प्रिंगफिल्ड गावात एका खेळाडूने एकही चूक न करता सलग 526 बॉल टाकले. हा विक्रम साठ वर्षांहून अधिक काळ टिकला आणि 2019 मध्ये मोडला. खेळातले कौशल्य मोजायचे तर स्ट्रेट पूलइतकी कठोर परीक्षा दुसरी नाही, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. प्रेक्षकाला मात्र त्यात सारखे सोपे शॉट दिसतात. खेळाडू पुढचे पाच बॉल डोक्यात मांडून पांढरा बॉल हव्या त्या जागी थांबवतो, म्हणूनच शॉट सोपा होतो. हे ज्याला कळत नाही, त्याला हा माणूस तासभर जवळून बॉल ढकलतोय इतकेच दिसते.

टीव्हीने ही अडचण लगेच ओळखली. 1978 च्या फेब्रुवारीत अमेरिकी टीव्हीवर साठी ओलांडलेले दोन म्हातारे खेळले. एक अनेक वेळचा विश्वविजेता, दुसरा पैजा लावून खेळण्यासाठी आणि बडबडीसाठी प्रसिद्ध. अमेरिकेत पूलला मिळालेल्या मोठ्या प्रेक्षकसंख्यांमध्ये त्या सामन्याची गणना होते. सामना विजेत्याने सहज जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या दोघांच्या शाब्दिक चकमकी. तोवर ब्रिटनमध्ये स्नूकरची गाडी पुढे गेली होती. 1969 मध्ये रंगीत टीव्हीच्या प्रसारासाठी तिथे एका फ्रेमचा छोटा कार्यक्रम सुरू झाला आणि 1985 च्या विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना मध्यरात्र उलटून गेल्यावर शेवटच्या काळ्या बॉलवर ठरला, तेव्हा 1 कोटी 85 लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. स्नूकरचा जन्म जबलपूरच्या लष्करी मेसमधला, वैयक्तिक खेळातला भारताचा पहिला विश्वविजेता पुण्यात जन्मलेला बिलियर्ड्सपटू. त्यामुळे आपल्याकडे जिमखान्यांत या दोन खेळांना मान होता. पूल पार्लर पुढे आले, तेही टाइमपासची जागा म्हणून. व्यावसायिक पूलचा सामना म्हणून बसून बघावा, ही सवय आपल्याकडे फारशी लागलीच नाही.

स्ट्रेट पूलची जागा नाइन-बॉलने घेतली. सर्वांत लहान आकड्याचा बॉल आधी लागला पाहिजे, नऊ नंबर पडला की रॅक, म्हणजे एक डाव, संपला. एक रॅक पाच-सात मिनिटांत उरकतो, गुणफलक हलता राहतो, जाहिरातीला जागा मिळते. नव्वदच्या दशकात या प्रकाराची जागतिक विजेतेपद स्पर्धा सुरू झाली. अमेरिकेत महिला खेळाडूंनी पुरुषांपासून वेगळे होऊन 1993 मध्ये आपली मालिका उभारली आणि क्रीडावाहिन्यांवर पुरुषांपेक्षा जास्त वेळ मिळवला. पुरुषांची मालिका दशकाच्या उत्तरार्धात एका सिगारेट कंपनीच्या पैशावर चालली. तो पैसा आटला तशी तीही आटली. युरोप-अमेरिका स्पर्धा 1994 मध्ये इंग्लंडातल्या रोमफर्डला, चक्क एका बोलिंग ॲलीत सुरू झाली.

याच काळात फिलिपिन्समध्ये वेगळेच घडत होते. तिथल्या सर्वांत लाडक्या खेळाडूने 1996 मध्ये हाँगकाँगला एक लाख डॉलरचा सामना 120 विरुद्ध 117 असा जिंकला. तीन दिवस चाललेल्या सामन्यात तो बराच काळ पिछाडीवर होता. 1999 मध्ये तो कार्डिफला विश्वविजेता झाला. पण लोक आजही पुन्हा पुन्हा बघतात तो त्याचा 1995 चा अमेरिकेतल्या रीनोमधला एक शॉट. सामना शेवटच्या रॅकपर्यंत ताणलेला. प्रतिस्पर्ध्याने सेफ्टी, म्हणजे बॉल पाडण्याऐवजी समोरच्याला अडवणारा फटका, खेळून पाच नंबरचा बॉल असा लपवला होता की सरळ मारायला वाटच नव्हती. याने पांढरा बॉल दोन कुशनना, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांना, झेड आकारात आपटून नेला, लपलेला बॉल पॉकेटमध्ये पाडला आणि पांढरा पुढच्या बॉलवर नेमका थांबला. समालोचकांना क्षणभर शब्द सुचेनात. हा शॉट जन्माला आला तो सेफ्टीमुळे. समोरच्याने बॉल लपवला म्हणून हा बाहेर काढावा लागला. पूल बघण्यातली खरी गंमत या लपवण्या-काढण्यात आहे, हे माझे ठाम मत आहे. आणि नेमका हाच भाग पुढच्या काळात आक्रसत गेला.

तो आक्रसला ब्रेकमुळे, आणि या प्रकरणाला जरा जास्त जागा द्यायला हवी, कारण गेल्या दोन दशकांतली सगळी भांडणे इथेच येऊन ठेपतात.

नऊ बॉल हिऱ्याच्या आकारात रचतात: एक, दोन, तीन, दोन, एक. पूर्वी ते लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत हाताने घट्ट बसवायचे. कितीही जपून रचले तरी दोन बॉलांमध्ये केसाएवढी फट राहायचीच आणि त्या फटीमुळे ब्रेकनंतर कोण कुठे जाईल याचा भरवसा नसायचा. मग पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा आला. बॉलांच्या जागी भोके असलेला हा पत्रा कापडावर ठेवायचा, बॉल त्या भोकांत टाकायचे. ते आपोआप एकमेकांना चिकटतात. रचलेल्या बॉलांनाही रॅकच म्हणतात; तो झटपट लागतो, रचण्यावरून होणारे वादही थांबतात. सोय म्हणून हा पत्रा स्वीकारला गेला आणि त्याने खेळच बदलला. फट नसलेला रॅक दर वेळी सारखाच फुटतो. पांढरा बॉल एका बाजूच्या कुशनजवळ ठेवून मध्यम जोराने मारला की हिऱ्याच्या कोपऱ्यातला बॉल थेट कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये जातो, एक नंबर टेबलाच्या मध्यात येतो आणि बाकीचे ओळखीच्या जागी पसरतात. वरच्या दर्जाच्या खेळाडूंना हे जमू लागले तेव्हा रॅकचा निकाल ब्रेकलाच लागायला लागला. कॅरममध्ये प्रत्येक बोर्डाला व्हाइट स्लॅमच बसायला लागला तर जे होईल, ते इथे झाले. एखादा स्लॅम बघायला मजा येते. सगळेच स्लॅम झाले की बघणारा उठून जातो.

त्यावर आयोजकांनी एकामागून एक उपाय केले. ब्रेक कुशनजवळून मारता येऊ नये म्हणून मधली चौकट आखली. हळू ब्रेक रोखायला अट घातली की किमान तीन बॉल पॉकेटमध्ये गेले पाहिजेत किंवा टेबलाच्या वरच्या रेषेपलीकडे आले पाहिजेत. आणि सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणजे रॅकच पुढे सरकवला. परंपरेने टेबलावरच्या खुणेच्या ठिपक्यावर एक नंबरचा बॉल असतो. आता तिथे हिऱ्याच्या मधला नऊ नंबरचा बॉल ठेवायचा. फरक जेमतेम दहा सेंटीमीटरचा. पण एवढ्यानेच कोपऱ्यातल्या बॉलचा कोन बिघडतो आणि तो पॉकेट सोडून कुशनवर आदळतो.

यावरून जी भांडणे पेटली ती अजून मिटलेली नाहीत. एक बाजू म्हणते, ब्रेक हेही कौशल्यच आहे. खेळाडूने वर्षानुवर्षे घासून कमावलेली गोष्ट टीव्हीसाठी का हिरावता? शिवाय रॅक सरकवला तरी खेळाडू शिकतातच. आता ते एक नंबर मधल्या पॉकेटमध्ये पाडायला शिकले. दुसरी बाजू म्हणते, प्रेक्षकाला दोन खेळाडू बघायचेत, एक नव्हे. दोन्हींत तथ्य आहे. तरीही मला वाटते, निर्णय योग्यच होता. ब्रेकनंतर पहिला बॉल लपलेला राहिला की पुश-आउट (ब्रेकनंतर लगेच पांढरा बॉल हवा तिथे ढकलण्याची मुभा) येतो, सेफ्टी येते, समोरच्याला उठावे लागते आणि बघणाऱ्याला पुढे काय होईल ते माहीत नसते. याच भांडणाचा जुळा भाऊ म्हणजे ब्रेक कोणी करायचा. जिंकणाऱ्यानेच करायचा म्हटले तर सलग पाच-सहा रॅक एकाच्याच हातून जातात, आणि अमेरिकी शौकिनांना ते फार आवडते. आलटून-पालटून म्हटले तर सामना अटीतटीचा राहतो, पण पिछाडीवरून झपाट्याने वर येण्याचा तो चमत्कार हरवतो. स्पर्धेगणिक नियम वेगळा, अशीच स्थिती बराच काळ राहिली आहे.

बाकीचे बदल त्यामानाने विनातक्रार स्वीकारले गेले. शॉटला तीस सेकंदांचे घड्याळ आले. प्रत्येक रॅकमध्ये एकदा जादा वेळ मागता येतो. हिरव्या कापडाच्या जागी निळे आले. पडद्यावर जांभळा चार नंबर गडद बॉलांमध्ये हरवायचा म्हणून टीव्हीसाठीच्या बॉलसंचात तो गुलाबी केला. पांढऱ्या बॉलवर सहा लाल ठिपके आले. खेळाडू त्याला गोवर झालेला बॉल म्हणतात. ही साधी गोष्ट प्रेक्षकाच्या फार कामाची आहे. पूर्वी पांढरा बॉल नुसता सरकताना दिसायचा. आता ठिपके फिरताना दिसतात. समोरच्या बॉलला लागल्यावर पांढरा क्षणभर जागीच उलटा फिरतो आणि मग मागे येतो, तेव्हा खालून मारलेली फिरकी घरी बसलेल्याला डोळ्यांनी दिसते. टेबलाजवळ उभे राहून जे कळते, ते थोडेफार पडद्यावर आले.

2006 मध्ये पैशाच्या जोरावर उडी मारण्याचा एक प्रयत्न झाला. एका अमेरिकी प्रवर्तकाने एट-बॉलची, म्हणजे आठ नंबर शेवटी पाडायच्या प्रकाराची, मालिका काढली, कापड मुद्दाम संथ ठेवले, रीनोच्या स्पर्धेत विजेत्याला पाच लाख डॉलर जाहीर केले. वर उल्लेखलेला फिलिपिनो खेळाडूच जिंकला. बक्षिसाची रक्कम मात्र खेळाडूंना वेळेवर मिळाली नाही आणि मालिका कोसळली. नशिबाचा भाग कमी करायला 2008 मध्ये टेन-बॉलची जागतिक स्पर्धा आली. त्यात बॉल आणि पॉकेट आधी सांगावे लागते. जाणकारांना तो प्रकार पसंत पडला, तरी प्रसारणात नाइन-बॉलची जागा त्याने घेतली नाही.

गेल्या काही वर्षांत मोठ्या स्पर्धांत पॉकेट अरुंद करून चार इंचांवर आणले आहे. पूर्वी साडेचार इंचांचे सर्रास असायचे. आता वरच्या खेळाडूचाही बॉल पॉकेटच्या ओठावर थरथरून बाहेर राहतो, आणि बसलेल्याला उठायची संधी मिळते. 2023 पासून हनोईत भरणाऱ्या स्पर्धेला आग्नेय आशियातला प्रेक्षक लाभला. 2024 पासून जागतिक विजेतेपद जेद्दाहला गेले. बक्षिसे दहा लाख डॉलर, त्यातले अडीच लाख विजेत्याला. त्या पहिल्याच वर्षीचा अंतिम सामना 15 विरुद्ध 14 असा शेवटच्या रॅकवर सुटला.

पैसा आला तसा मालकीचा झगडाही आला. स्पर्धांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संघटना आणि स्पर्धा भरवणारी ब्रिटिश कंपनी यांचे 2024 मध्ये फाटले. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलात तर कारवाई करू, अशी तंबी खेळाडूंना मिळाली. राष्ट्रीय महासंघांच्या पाठबळावर अवलंबून असलेल्या आशियाई खेळाडूंची यात सर्वाधिक कोंडी झाली, आणि आज पूलला सर्वांत मोठ्या आवाजात दाद देणारा प्रेक्षक नेमका त्यांच्याच देशांत आहे.