फुटलेली काडी आणि लागलेली काडी

नवं रोप करायला खोचलेल्या गुलाबाच्या काडीवर लालसर पालवी दिसली की लगेच मोठी कुंडी, खत आणि ऊन अशी जय्यत तयारी सुरू होते. आठवड्याभरात पालवी मान टाकते, काडी खालून काळी पडते आणि दोष मातीला नाहीतर ‘हाताला गुण नाही’ याला जातो. प्रत्यक्षात ती काडी फक्त फुटली होती, लागली नव्हती, म्हणजे तिला मुळं आलीच नव्हती.

फुटणं सगळ्यांना ओळखता येतं, त्यावर वेळ घालवत नाही. मुद्दा असा की फुटणारा डोळा मूळ झाडावर असतानाच तयार झालेला असतो. काडीत साठलेलं पाणी आणि पिष्ट त्याला उमलायला पुरतं, त्यासाठी मुळं लागत नाहीत. फुलदाणीत ठेवलेल्या फांद्यासुद्धा फुटतात.

मुळांचं तसं नाही. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांच्या काडीत मुळं बहुधा आधीपासून नसतातच. सालीच्या आतल्या पेशींनी आपलं जुनं काम सोडून नव्याने विभागायचं, त्यातून मूळ घडवायचं आणि ते साल भेदून बाहेर काढायचं, एवढा सगळा उद्योग असतो. जून काडीला त्यासाठी कित्येक आठवडे लागतात. तोवर वरची कोवळी पालवी पाणी उडवत राहते आणि शिल्लक संपवते. पगार सुरू होण्याआधीच हप्ते सुरू व्हावेत, तसा प्रकार. म्हणून मला काडीचा बुडखा उबदार आणि शेंडा त्यामानाने थंड ठेवलेला आवडतो. खाली मुळांना चालना मिळते आणि वरचे डोळे जरा धीर धरतात. याचा अर्थ सगळी पानं ओरबाडावीत असा नाही. कोवळ्या काडीवरची एक-दोन जुनी पानं अन्न आणि ऑक्सिन (मुळं फुटायला चालना देणारं संप्रेरक) खाली पाठवतात, ती राहू द्या. कळी मात्र दिसताक्षणी खुडा.

पाण्यात काडी ठेवणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. कापाच्या जागी पांढरट, खडबडीत गाठ येते आणि घरात ‘मुळं आली’ची दवंडी पिटली जाते. ती जखम भरल्याची खूण, म्हणजे कॅलस. मुळं पुष्कळदा तिच्यातून नव्हे, तिच्या शेजारून किंवा थोडी वरून निघतात. गाठ धरून महिनोन्‌महिने तशीच बसलेली काडीही असते.

मग काडी लागली हे कसं कळतं? उपटून पाहू नका! रोज उपटून पाहणाऱ्यांना काडी देऊच नये. पालवीचा पहिला बहर मोजायचाच नाही. त्यानंतरही पानं येत राहिली, नवी पानं आधीच्यांपेक्षा मोठी झाली, पेरं लांबली, तर खाली काहीतरी घडलंय. कुंडीतला ओलावा पूर्वीपेक्षा लवकर संपू लागला, तर ती माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण. हलकेच ओढल्यावर काडी अडते का, तेही बघता येतं. बोगनवेलीला मात्र तेवढंही करू नका, तिची नवी मुळं फार ठिसूळ असतात.

उलटंही होतं. तुळस किंवा रंगीत पानांच्या कोलियसची काडी वरून जैसे थे दिसते, एकही नवं पान नसतं आणि खाली मुळांचा झुपका तयार असतो. ‘काही होत नाही’ म्हणून अशा काड्या फेकल्या जातात.

काप तिरका की सरळ, हा वाद मला निरर्थक वाटतो. तिरक्या कापाचा खरा उपयोग म्हणजे खालचं टोक कोणतं ते लक्षात राहतं. उलटी खोचलेली काडी क्वचितच लागते. काडी मधात बुडवून लावण्यातही अर्थ नाही, मधात ऑक्सिन नसतं. बटाट्यात खोचलेल्या काडीबरोबर बटाटाही सडतो. त्यापेक्षा जाडसर वाळू आणि कोकोपीट घ्या. वाटलंच तर आयबीए (एक प्रकारचं ऑक्सिन) असलेली मूळसंजीवक पावडर बुडख्याला लावा.

आणि ओलावा टिकावा म्हणून काडीवर प्लॅस्टिकची पिशवी घातली असेल, तर लागल्याच्या खुणा दिसल्यावरही ती एकदम काढू नका. आधी तोंड सैल करा, मग रोज थोडा जास्त वेळ उघडी ठेवा. भर दुपारीही पानं ताठ राहू लागली की पिशवी काढून टाका. खत त्यानंतर, तेही अगदी पातळ करून.