इंदूर–दुबई: जाताना दोन तास, येताना साडेचार?

‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून दुबई आपणहून विमानाकडे येते,’ हे स्पष्टीकरण इंदूरच्या मराठी घरांत अजून ऐकू येतं. पुरावा म्हणून तिकीट दाखवतात. पण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा, विमान दुपारी 12:30 ला निघून 14:30 ला पोहोचलं. आपल्या घड्याळात तेव्हा 16:00 झालेले असतात, म्हणजे प्रवास साडेतीन तासांचा. परतीच्या साडेचार तासांतून दीड वजा करा, उरतात तीन.

म्हणजे खरा फरक उलटाच: येताना वेळ कमी लागतो!

इंदूरपाशी जमीन ताशी सुमारे 1,540 किमी वेगाने पूर्वेला सरकते, पण हवाही तिच्याबरोबरच फिरते. नाहीतर राजवाड्यावर तरंगणारं हेलिकॉप्टर मिनिटभरात पंचवीस किमी मागे पडलं असतं. फरक पाडतो तो वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर, 9 ते 12 किमी उंचीवर, जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा झोत, पश्चिमेकडून वाहते. सरळ रेषेतलं अंतर सुमारे 2,100 किमी. विमानाचा हवेतला वेग ताशी 830 आणि वारा 100 धरला, तर जाताना 2 तास 53 मिनिटं, येताना 2 तास 15. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं-उतरणं यांचा वेळ वेगळा. पावसाळ्यात हा झोत हिमालयापलीकडे सरकतो, तेव्हा फरक घटतो.