ब्रेक दाबला आणि दिवा विझला

वडिलांची १९९८ची गाडी आहे आमच्याकडे. रत्नागिरीत घरासमोर उभी असते, पत्रा दोन ठिकाणी खाल्लाय पण इंजिन अजून ठणठणीत. गणपतीच्या आधी शेजारचे काका म्हणाले, "अरे, तुझा डावा ब्रेक लाईट मंद लागतो, बघून घे." गॅरेजला नेली, बल्ब बदलला, लख्ख लागला. पंधरा दिवसांत परत मंद. परत बल्ब, परत लख्ख, परत मंद. तिसऱ्या वेळी मला सांगण्यात आलं की गाडी जुनी झाली, मागचं सगळं वायरिंगच बदलून टाका.

वायरिंगचा खर्च ऐकून मी गाडी घरी आणली आणि संध्याकाळी मुलीला मागे उभं केलं. दिवेलागण झाली होती म्हणून पार्किंग लाईट लावले, दोन्ही लाल दिवे नीट लागले. मग ब्रेक दाबला. मागून आवाज आला, "बाबा, उजवा जोरात लागला, डावा विझला!" ब्रेक सोडला, डावा परत लागला. दाबला, विझला. दिव्याला आणखी एका वायरीतून वीज दिली की तो विझतो, हे बघून मी तिथेच दहा मिनिटं ब्रेक दाबत बसलो. हा सगळा लेख त्या दहा मिनिटांसाठी आहे, कारण यात जे घडतं ते शाळेतल्या ओहमच्या नियमातच बसतं आणि तरी बघताना जादू वाटते.

आधी बल्ब. रस्त्यावर अजून दिसणाऱ्या मारुती ८००, पद्मिनी, अँबॅसडर अशा जुन्या गाड्यांत मागे फिलामेंटचेच (म्हणजे तापून उजेड देणाऱ्या बारीक तारेचेच) बल्ब असतात आणि बहुतेक ठिकाणी एकाच काचेत दोन फिलामेंट, एक ५ वॅटचा पार्किंगसाठी, दुसरा २१ वॅटचा ब्रेकसाठी. बल्बच्या बुडाशी दोन ठिपके, म्हणजे येणाऱ्या दोन वायरी, आणि पितळेचं कवच म्हणजे दोघांची परत जायची एकच सामायिक वाट. हे कवच होल्डरला टेकतं, होल्डर पट्टीने बॉडीला जोडलेला आणि बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला. यालाच गॅरेजमध्ये अर्थ म्हणतात, जमिनीशी त्याचा काही संबंध नाही, चार रबरी टायरवर उभ्या गाडीची वीज जमिनीत कुठून जाणार. गाडीचा सगळा पत्रा हीच परतीची एक मोठी वायर आहे, त्यामुळे तांबं निम्मं वाचतं, पण मग ती वायर पावसात भिजते आणि गंजतेही.

आता आकडे बघू, थोडेच आहेत. १८२७ साली गेऑर्ग ओहमने जो नियम मांडला (व्होल्ट भागिले रोध म्हणजे अँपिअर, रोध म्हणजे विजेला होणारा अडथळा) तो धरला तर १२ व्होल्टवर २१ वॅटचा फिलामेंट पावणेदोन अँपिअर घेतो आणि त्याचा रोध येतो साधारण ७ ओहम. ५ वॅटचा फिलामेंट ०.४ अँपिअर घेतो, रोध २९ ओहमच्या आसपास. पण हे पेटलेले असताना! फिलामेंटचा धातू म्हणजे टंगस्टन, तो तापला की त्याचा रोध दहापटीहून जास्त वाढतो, म्हणून थंड असताना तोच २१ वॅटचा फिलामेंट एक ओहमपेक्षाही कमी असतो, जवळजवळ साधी तारच. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावर आहे.

समजा होल्डरची अर्थ तुटली, कवच लोंबकळत राहिलं. दिवसा, पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला. वीज २१च्या फिलामेंटमधून कवचापर्यंत आली, पुढे बॉडीला जायचा रस्ता बंद. मग ती दुसऱ्या फिलामेंटमधून, म्हणजे ५ वॅटच्या, उलटी शिरते आणि पार्किंगच्या वायरीत जाते. त्या वायरीवर उजवा टेल लाईट (मागचा पार्किंगचा दिवा), पुढचे दोन पार्किंग लाईट, नंबर प्लेटचा दिवा असे सगळे जोडलेले आहेत आणि त्यांची अर्थ शाबूत आहे, तिथून वीज घरी पोचते. आता या सगळ्या वाटेत रोध कुणाचा जास्त? ५ वॅटच्या एकट्या फिलामेंटचा. २१वाला त्याच्यासोबत एका रांगेत आहे, त्याला जेमतेम ०.४ अँपिअर मिळतात, तेवढ्यात तो तापतच नाही, थंड राहतो आणि थंड म्हणून रोध नगण्य, आणि पलीकडचे दिवे चार जण मिळून तेवढेच ०.४ अँपिअर वाटून घेतात म्हणून तेही थंडच. म्हणजे १२ पैकी ११च्या वर व्होल्ट त्या एका बारक्या फिलामेंटवर पडतात आणि तो आपल्या नेहमीच्या तेजाने पेटतो.

काकांना जो "मंद ब्रेक लाईट" दिसत होता तो ब्रेक लाईट नव्हताच! ब्रेकच्या विजेवर पार्किंगचा फिलामेंट पेटत होता आणि ब्रेकचा फिलामेंट शेजारी न पेटता पडून होता, वीज मात्र त्याच्यातूनच जात होती. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

आता रात्रीचं. पार्किंग चालू, ब्रेक सोडलेला. वीज पार्किंगच्या वायरीतून ५ वॅटमध्ये, तिथून कवचात, कवचातून २१मध्ये उलटी, ब्रेकच्या वायरीत, आणि उजव्या दिव्याच्या २१मधून बॉडीला. परत तीच गंमत, रोध ५वाल्याचाच जास्त म्हणून तोच पेटतो, दिवा अगदी निरोगी दिसतो. मग ब्रेक दाबला की ब्रेकच्या वायरीवरही १२ व्होल्ट येतात. बल्बच्या एका टोकाला १२, दुसऱ्या टोकालाही १२, मधलं कवच लोंबकळतं. पाणी दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर असलं तर पाटात ओढ कुठून येणार? वीज वाहायला व्होल्टमध्ये फरक लागतो, तो फरकच संपला, प्रवाह शून्य, दिवा विझला. आणि धोका बघा, रात्री मागच्या ट्रकवाल्याला आपण ब्रेक मारल्यावर एक लाल दिवा नाहीसा झालेला दिसतो.

काही गाड्यांत मागच्या पूर्ण दिव्याला, म्हणजे ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स सगळ्यांना मिळून एकच काळी वायर अर्थला जाते. ती तुटली की याच्यात इंडिकेटरही ओढला जातो. ब्रेकचा फिलामेंट, मागच्या इंडिकेटरचा आणि पुढच्या इंडिकेटरचा असे तीन २१वाले एका रांगेत येतात (पुढच्याची अर्थ वेगळी म्हणून वाट तिथे पूर्ण होते), प्रत्येकाला चारेक व्होल्ट, आणि फिलामेंटचा उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ घाताने बदलतो म्हणून एक तृतीयांश व्होल्टवर उजेड उरतो तीन टक्क्यांच्याही आत. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणताना दिसले तर वायरिंग जळालंय वगैरे घाबरू नका, आधी ती काळी वायर शोधा. हा घाताचा हिशोब ज्यांना नको असेल त्यांनी एवढंच धरा की व्होल्ट थोडे घटले तरी उजेड खूप घटतो. पूर्ण तुटलेली अर्थ तर सोडाच, वाटेत फक्त १ ओहमचा गंज असला तरी २१वाल्याचा एक तृतीयांशाहून जास्त उजेड जातो.

मग बल्ब बदलल्यावर पंधरा दिवस बरं का वाटायचं? कारण हा बल्ब दाबून फिरवून बसवावा लागतो आणि फिरवताना कवच होल्डरच्या आतून घासतं, त्या जोराने होल्डरची पट्टीही पत्र्यावर घासते, गंजाचा थर खरवडला जातो, नवीन धातूला धातू टेकतो. जुनाच बल्ब काढून परत फिरवून बसवला असता तरी तो लख्ख लागला असता. रागनार होल्म नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने धातूला धातू नेमका कसा टेकतो यावर अनेक वर्षं काम केलं. धातूचे दोन पृष्ठभाग आपल्याला सपाट टेकलेले दिसतात पण खरे टेकतात ते मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवर, सगळी वीज तेवढ्यातून चेपून जाते, आणि त्या ठिपक्यांवर गंज चढला की वाट संपली. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, पितळ आणि लोखंड शेजारी, मध्ये मिठाचं पाणी. लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खुपसून सेल करतात ना शाळेत, तीच रसायनं इथे होल्डरमध्ये चालतात, फक्त इथे लोखंड खाल्लं जातं.

लिंबावरून आठवलं. दर शनिवारी गाडीला लिंबू-मिरची बांधणारे माझ्या ओळखीत कितीतरी आहेत, चांगली शिकलेली माणसं आहेत, आणि लिंबू बदललं तेव्हापासून गाडीला त्रास नाही असं मनापासून सांगतात. मी दोनदा बल्ब बदलून नेमकी हीच चूक केली. आधी हे केलं, नंतर ते झालं, म्हणजे यामुळेच ते झालं, असं मन लगेच धरतं. मध्ये खरं काय बदललं हे तपासायचं राहून जातं. लिंबू बांधायला लागणाऱ्या पाच मिनिटांत कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून बघा, जीव वाचेल तर त्याने वाचेल.

तपासायचं कसं ते सांगतो. दोन्ही दिवे लागत नसतील तर बल्बकडे नंतर, आधी फ्यूज आणि मग ब्रेक पेडलच्या वरचा छोटा स्विच. पेडल वर असताना त्या स्विचचा दांडा दाबलेला असतो, पाय ठेवला की सुटतो आणि सर्किट जोडलं जातं. दोन्ही दिवे कायम पेटलेलेच असतील तर पेडलवरचं जिथे तो दांडा टेकतो ते प्लास्टिकचं बूच वयाने चुरून पडलेलं असू शकतं, काही रुपयांची वस्तू, पण रात्रीत बॅटरी उतरवते. एकच दिवा बिघडला असेल तर फ्यूज, स्विच दोन्ही ठीक आहेत, कारण ते दोघांना सामायिक आहेत. बल्ब काढून बघा, दोन्ही फिलामेंट शाबूत आहेत का, आणि तो दोन फिलामेंटचाच आहे ना. या बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम वर-खाली ठेवलेल्या असतात, उलटा बसू नये म्हणून, तरी जोर लावून बसवणारे भेटतात.

आणि मग अर्थ. इथे मल्टिमीटरचं (वीज मोजायच्या यंत्राचं) पीं-पीं ऐकून विश्वास ठेवू नका. तो टेस्ट करताना अगदी जराशी वीज सोडतो, वायरीचा एक केस उरला असला तरी मीटर पीं करतो, पण त्या एका केसातून पावणेदोन अँपिअर नीट जात नाहीत. दिवा लावूनच मोजायला हवं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक होल्डरच्या धातूला, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला (वायर लांब लागते, मी मिक्सरची जुनी वायर जोडली), आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. चांगल्या अर्थवर ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसतात. मला ११च्या वर दिसले, म्हणजे जवळजवळ सगळी बॅटरी तिथे येऊन अडली होती. मग होल्डरपासून बॉडीच्या घासलेल्या जागेपर्यंत एक साधी वायर हाताने टेकवली आणि डावा दिवा असा पेटला की मुलगी दोन पावलं मागे सरली.

दुरुस्ती म्हणजे डिकीचं कव्हर काढणं, अर्थच्या पट्टीचा स्क्रू सोडणं, पट्टी आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासणं, नवीन स्क्रू घट्ट बसवणं आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात, हवा-पाणी लागू नये म्हणून. खर्च ३० रुपये.

बरेच जण म्हणतात की एवढं करण्यापेक्षा एलईडी बल्ब टाक, सगळे प्रॉब्लेम संपतील. एलईडीचा एक फायदा खरा आहे, फिलामेंटला पूर्ण पेटायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी लगेच लागतो, आणि ताशी ६० किमी वेगात ०.२ सेकंद म्हणजे मागच्या गाडीला तीन मीटरहून जास्त जागा, ही काही थोडी नाही. पण परतीची वाट एलईडीलाही लागतेच, ती तुटली असेल तर कुठलाही बल्ब काय करणार.

सगळं परत बसवल्यावर सहज म्हणून उजव्या दिव्याचाही आकडा घेतला. ०.६ व्होल्ट. बाहेरून तो लख्ख दिसत होता, त्याच्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नव्हती. उघडला तर पट्टीखाली तसाच तांबूस भुगा, फक्त अजून अर्ध्या जागेतच पसरलेला.