वैशाखाच्या उन्हात किती नॉटनं उतरायचं?

धुळ्याजवळ गोंदूरला किंवा शिरपूरला विमान उडवायला शिकणाऱ्यांना मे महिन्यात हा प्रश्न हटकून पडतो. पारा 44 अंशांवर, हवा विरळ झालेली, मग उतरताना वेग (तो नॉटमध्ये मोजतात, 1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) थोडा वाढवावा का?

काट्यावरचा वेग अजिबात वाढवू नये. कारण तो काटा वेग थेट मोजतच नाही. पंखाखालच्या पिटो नळीवर समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब तो मोजतो. हवा विरळ झाली की पंखाला मिळणारी उचल घटते, पण त्याच प्रमाणात नळीतला हा दाबही घटतो. म्हणून पौषात ज्या आकड्यावर विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल तुटून ते खाली जाऊ लागतं, वैशाखातही त्याच आकड्यावर होतं. बदलतो तो खरा वेग. धुळ्याच्या उंचीवर, 44 अंशांत, काटा 65 नॉट, म्हणजे सेस्ना 172 या छोट्या विमानाचा उतरतानाचा नेहमीचा वेग, दाखवतो तेव्हा विमान सुमारे 69 नॉटनं चाललेलं असतं. धावपट्टी आधीच जास्त लागणार असते. वर वेग वाढवला की ती आणखी पुढे सरकते.

ढगातून केवळ उपकरणांच्या भरवशावर उतरताना मात्र सेस्ना 172 सहसा 90 नॉटवर ठेवतात. तेव्हा वाट दाखवते आयएलएस, म्हणजे धावपट्टीजवळून रेडिओलहरी सोडणारी यंत्रणा. तिची रेडिओवाट साधारण 3 अंशांनी खाली येते, आणि त्या वाटेवरून ढळायचं नसतं. 15 नॉटचा आडवा वारा असला तर 90 नॉटला नाक जेमतेम 10 अंश वळवून भागतं, 65 ला 13 अंश लागतात. शिवाय फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखामागच्या झडपा, थोडेच उघडलेले असतात. 200 फुटांवर येऊनही धावपट्टी दिसली नाही, तर पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा वर जाणं त्यामुळे सोपं होतं. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच.

धावपट्टी दिसली की खरी कसोटी. तिथून तिच्या टोकापर्यंत जेमतेम 20 सेकंद, आणि तेवढ्यात 90 चे 65 करायचे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत असते, त्यामुळे 90 ला ती 65 च्या जवळजवळ दुप्पट. ती न घालवता विमान बळेच टेकवलं की आधी पुढचं चाक आपटतं आणि विमान उसळतं. लांबलचक धावपट्टीवर जास्तीचा वेग खपून जातो, गोंदूरसारख्या छोट्या पट्टीवर नाही.

वेग वाढवायला एक कारण रास्त आहे: वाऱ्याचे झोत. दुपारच्या वावटळीत वारा 10 वरून 20 नॉटवर उसळत असेल, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे 5 नॉट वाढवतात.