खेळाडू-विरुद्ध-खेळाडू लढत (टेबलटॉप भूमिका-खेळ)

खेळाडू-विरुद्ध-खेळाडू लढत : टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य भूमिका-खेळांत एका खेळाडूच्या पात्राने दुसऱ्या खेळाडूच्या पात्रावर केलेला हल्ला, आणि तो निकाली काढण्याची पद्धत. खेळणाऱ्यांत ‘पीव्हीपी’ हे आद्याक्षरी नाव रूढ आहे. व्यापक अर्थाने साथीदाराच्या थैलीवर हात मारणे, त्याच्यावर वशीकरणाचा मंत्र टाकणे, त्याला शत्रूच्या हवाली करणे हेही यात धरतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (1974, पुढे ‘डीअँडडी’) व त्याच्या परंपरेतील दीर्घ मोहिमांविषयी (कॅम्पेन) आहे.

उगम : खेळाडूंनी एकमेकांवर शस्त्र उपसणे हा सहकार्याच्या खेळात मागाहून शिरलेला दोष आहे, असा समज आजच्या खेळाडूंत सर्रास आढळतो. उपलब्ध पुरावा उलट दिशेचा आहे. या खेळांचा पूर्वज म्हणजे प्रशियातील युद्धखेळ ‘क्रीगस्पील’. थोरल्या राइसविट्झने तो 1812 च्या सुमारास मांडला आणि त्याच्या मुलाने 1824 मध्ये त्याला नियमबद्ध रूप दिले. त्यात दोन माणसे परस्परविरोधी सैन्ये चालवीत, हुकूम लिहून पंचाकडे देत आणि पंच निकाल सांगे. म्हणजे पंचाची जागा मुळात दोन जिवंत प्रतिस्पर्ध्यांच्या मधली. अमेरिकेत चार्ल्स टॉटन यांचे ‘स्ट्रॅटेगॉस’ (1880) याच घराण्यातले. डेव्हिड वेझली यांच्या हाती ते मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागले आणि पंचाला जवळजवळ अमर्याद अधिकार देण्याची त्यातली कल्पना त्यांनी उचलली.

वेझली यांनी मिनीआपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांतल्या आपल्या मंडळासाठी ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ रचला. त्याचा काळ बहुतेक अभ्यासक 1969 धरतात; 1967 वा 1968 असेही सांगितले जाते. नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावात प्रत्येकाला एकेक व्यक्ती दिलेली होती, आणि प्रत्येकाचा हेतू इतरांच्या हेतूला छेद देणारा होता. दोघा खेळाडूंनी द्वंद्वयुद्धाची भाषा केली तेव्हा त्यासाठी नियमच नव्हता. वेझलींनी तो जागच्या जागी फासे टाकून निकाली काढला, अशी हकीकत त्यांच्याच आठवणींतून आलेली आहे. खेळ फसला असे त्यांना वाटले. मंडळींनी मात्र आणखी मागितला. ही हकीकत पुष्कळ वर्षांनंतर सांगितलेली आहे, त्यामुळे तपशिलावर फार भार टाकू नये. पण भूमिका-खेळाच्या आरंभकथेतच दोन खेळाडूंचे द्वंद्व आहे, एवढे त्यातून घेण्यास हरकत नाही.

याच मंडळातील, पुढे डीअँडडीचे एक जनक ठरलेले डेव्ह आर्नेसन यांनी 1971 मध्ये ‘ब्लॅकमूर’ ही मोहीम सुरू केली. तिच्यात काही खेळाडू सज्जनांच्या बाजूला तर काही दुर्जनांच्या बाजूला होते. सज्जन पक्षाचे लोक गढीखालच्या तळघरांत खजिना हुडकत बसले, तेवढ्यात विरोधकांनी वर गढीच बळकावली आणि त्यांना लोख ग्लूमेनच्या दलदलीकडे हद्दपार व्हावे लागले. आर्नेसन यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोहीमवृत्तात हा प्रसंग येतो.

धर्मगुरू-वर्गाचा वाद : डीअँडडीतील ‘क्लेरिक’ हा धर्मगुरू-योद्ध्यांचा वर्ग आज जखमा भरणारा, सर्वांचा आधार म्हणून ओळखला जातो. त्याचे मूळ खेळाडूंच्या आपसातील लढाईत आहे, असे ब्लॅकमूर-मंडळातील अनेकांचे म्हणणे आहे. सर फँग हे पिशाच एक खेळाडू चालवीत असे. बळी घेत घेत ते इतके बलाढ्य झाले की बाकीच्यांना त्याच्यापुढे टिकाव धरवेना. त्यावर उतारा म्हणून ब्रिटिश भयपटांतील पिशाच-शिकाऱ्याच्या धर्तीवर एक धर्मपुरुष निर्माण झाला व ते पात्र माइक कार यांच्याकडे आले. दुसरे मत असे, की या वर्गाची घडण डीअँडडीचे दुसरे जनक गॅरी गायगॅक्स यांच्या हातची आहे. धार नसलेलीच शस्त्रे वापरण्याचा निर्बंध मध्ययुगीन लढाऊ बिशपांच्या दंतकथांवरून आला आणि मंत्रांची यादी बायबलमधील चमत्कारांवरून. दोन्ही मते एकत्र नांदू शकतात. छापील वर्गाचे अंग गायगॅक्स यांनी भरले हे उघड आहे. पण मृतात्म्यांना परतवून लावण्याची खास शक्ती नेमकी याच वर्गाला का, याचा उलगडा सर फँगच्या कथेने जितका सहज होतो तितका बिशपांच्या कथेने होत नाही. म्हणून येथे पहिल्या मताकडे झुकते माप दिले आहे.

‘अलाइनमेंट’ अर्थात पात्राचा नैतिक कल याचीही जातकुळी हीच. गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (1971) या युद्धखेळात न्याय आणि अनागोंदी हे दोन तट होते. कोणता प्राणी कोणाच्या सैन्यात उभा करायचा, एवढ्यासाठीच ती विभागणी होती. 1974 च्या नियमांत तीच पात्रांना चिकटली.

सहकार्याकडे वळण : 1974 च्या पुस्तिकेत एका मोहिमेत 4 ते 50 खेळाडू असावेत व साधारण 20 जणांमागे एक पंच असावा, असे सुचविले आहे. पन्नास जण एका टोळीत मावत नाहीत. ते गटागटांनी, वेगवेगळ्या दिवशी खेळत. नवव्या पातळीचा (पातळी म्हणजे अनुभवाने चढत जाणारा दर्जा) योद्धा गढी बांधून जहागीरदार होई, आणि शेजारची गढी दुसऱ्या एखाद्या खेळाडूची असू शके. एकच चार-सहा जणांची टोळी, तीच माणसे, ठरलेला वार, हे रूप पुढे स्थिरावले. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे घडले असावे. अधिवेशनांतील स्पर्धांसाठी (ओरिजिन्स, 1975) लिहिलेली व नंतर छापून विकली गेलेली साहसे एकसंध टोळी गृहीत धरत. फूट अनैतिक ठरली म्हणून ती मागे पडली, असे काही लेखक सुचवितात. खेळणाऱ्यांची संख्या घटली व साहसे तयार मिळू लागली, हे कारण अधिक पटण्याजोगे आहे.

या बदलाचा दुष्परिणाम पंचाच्या जागेवर झाला. राक्षस आणि शत्रू चालविणारा ‘डंजन मास्टर’ (डीएम) हा पंच आणि प्रतिपक्ष दोन्ही झाला. दोन खेळाडू भिडले की त्याला अचानक नुसता पंच व्हावे लागते, आणि नियम त्याला तिथे फारशी साथ देत नाहीत.

गणिताची अडचण : पाचव्या आवृत्तीच्या (2014) नियमांत पात्रे मारायला जबर आणि सोसायला नाजूक असतात, राक्षसांचे बहुधा उलटे. पाचव्या पातळीचा, 18 ताकद व 14 काटकपणा असलेला योद्धा घेतला तर त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल याचा आकडा; तो शून्यावर आला की पात्र कोसळते) सरासरी हिशेबाने 44 भरतात. दोन्ही हातांनी चालवायच्या मोठ्या तलवारीचा त्याचा एक वार सरासरी 11 चा. एका पाळीत दोन वार. ‘अ‍ॅक्शन सर्ज’ (एका पाळीत जादा कृती करण्याची योद्ध्याची क्षमता) वापरल्यास चार, म्हणजे 44. बरोबरीच्या योद्ध्याला तो एका पाळीत आडवा करू शकतो. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागण्यासाठी फासा व हल्लेखोराचा बोनस मिळून गाठायचा आकडा) 18 असेल तर प्रत्येक वार लागण्याची शक्यता निम्मी, म्हणून चारही वार लागण्याचा योग सोळांत एकदाच. तरी निम्मे हिट पॉइंट पहिल्याच पाळीत जावेत हे सरासरीलाच धरून आहे. मांत्रिकांच्या बाबतीत अंतर आणखी वाढते. 2014 च्या नियमांतील निद्रामंत्र पहिल्या पातळीला 5 अष्टफलकी फाशांइतके, म्हणजे सरासरी 22.5 हिट पॉइंट झोपवितो व बचावाचा फासाही टाकू देत नाही. दहा-बारा हिट पॉइंटांचे दोन साथीदार त्यात घोरू लागतात. एल्फ वंशाची पात्रे तेवढी सुटतात. (2024 च्या सुधारित नियमांत या मंत्राला बचाव दिला आहे.) ‘होल्ड पर्सन’ या मंत्राने जखडलेल्यावर जवळून केलेला प्रत्येक यशस्वी वार दुप्पट फाशांचा ठरतो. थोडक्यात, आधी पाळी कोणाची, म्हणजे ‘इनिशिएटिव्ह’चा एक विसफलकी फासा, यावरच निकाल जातो. ‘मी त्याला भोसकतो’ असे आधी कोण ओरडले यावर पाळी देऊ नये, घोषणा थांबवून सर्वांचे फासे टाकावेत, हा अनुभवी डीएमांचा दंडक यातूनच आला.

जुन्या आवृत्त्यांत अडचण निराळी होती. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत (1977–79) इनिशिएटिव्हचा फासा प्रत्येक बाजूला एक असे. एकाच बाजूचे दोघे भांडले तर आधी कोण, याचे थेट उत्तर त्यात नव्हते. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला स्वतंत्र फासा मिळाल्यावर हा पेच सुटला.

गुप्ततेचा प्रश्न : उघड लढाईपेक्षा चोरी चालविणे अवघड. रात्रीच्या पहाऱ्यावर असलेला चोर झोपलेल्या सरदाराची थैली कापू पाहतो. डीएमने सरदाराच्या खेळाडूला ‘परसेप्शनचा फासा टाक’ (म्हणजे चाहूल लागते का पाहा) म्हटले, की पात्र झोपेत असले तरी खेळाडू जागा होतो. म्हणून डीएम चोराचा फासा थेट सरदाराच्या ‘पॅसिव्ह परसेप्शन’शी, म्हणजे 10 अधिक त्याचा बोनस या स्थिर आकड्याशी, ताडून पाहतो. चोर आपला बेत चिठ्ठीवर लिहून देतो. पण चिठ्ठी सरकली की सगळ्यांच्या भुवया वर जातात. त्यावर काही डीएम अधूनमधून सर्वांना ‘वाच, मान हलव आणि परत दे’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटतात. उपाय पोरकट वाटेल, पण लागू पडतो.

खेळाडू व पात्र : समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी जुळ्या शहरांतील खेळमंडळांत बसून केलेल्या अभ्यासात (1983) टेबलावरचा माणूस एकाच वेळी व्यक्ती, खेळाडू व पात्र अशा तीन पातळ्यांवर वावरतो, असे मांडले. पीव्हीपीतली भांडणे बहुधा या पातळ्यांची सरमिसळ झाल्याने पेटतात : गेल्या आठवड्यातला राग ‘माझं पात्र असंच वागेल’ या सबबीखाली वसूल होतो. पात्राच्या भावना खेळाडूत झिरपण्याला एमिली केअर बॉस यांनी 2007 च्या सुमारास ‘ब्लीड’ ही संज्ञा दिली. रूढ उपाय म्हणजे मोहिमेआधीच्या बैठकीत (‘सेशन झिरो’) पीव्हीपी चालेल का, चालल्यास मरणापर्यंत की बेशुद्धीपर्यंत, हे ठरवणे. पाचव्या आवृत्तीत जवळून मारलेल्या शेवटच्या घावाने ठार न करता बेशुद्ध करण्याची मुभा असल्याने दुसरा पर्याय नियमांत बसतो. हल्ला झालेल्या खेळाडूनेच तो लागला की नाही हे सांगायचे, असाही एक संकेत आहे. यात फासेच लागत नाहीत, आणि नकोशी लढाई तिथल्या तिथे विरते.

इतर खेळ : काही खेळांनी फूट हाच पाया मानला. ‘पॅरानोइया’त (1984) प्रत्येक पात्र एखाद्या गुप्त संघटनेचे सभासद असते, साथीदारांचा राजद्रोह हुडकून त्यांना उडवणे हेच त्याचे काम, आणि मरण स्वस्त असावे म्हणून प्रत्येकाच्या सहा प्रती असतात. एरिक वुजिक यांच्या ‘अँबर’मध्ये (1991) फासे नाहीत, खेळाडू आरंभीच गुणांचा आपसात लिलाव करतात, त्यामुळे कोण कोणाहून वरचढ हे पहिल्या दिवशीच ठरते. ‘व्हँपायर : द मॅस्करेड’च्या (1991) प्रत्यक्ष वावरून खेळायच्या आवृत्तीत (1993) निकाल दगड-कागद-कात्रीने लागे. व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (2010) एका जुन्या दुखण्याला हात घातला : दुसऱ्याच्या पात्राचे मन वळवायचे तर त्या खेळाडूची इच्छा डावलायची का? तिथे यशस्वी फासा हुकूम देत नाही. ऐकले तर अनुभवगुण मिळतो, नाकारले तर ते संकटाला तोंड देण्यासारखे धरून त्याला फासा टाकावा लागतो; निवड ज्याची त्याच्याकडेच राहते.