पेशी विभागणं वेगळं, पेशी वाढणं वेगळं

पेशीविभाजन शाळेतच पाठ झालेलं असतं: डीएनएची प्रत, गुणसूत्रांची वाटणी, एकाच्या दोन पेशी. डोकं उठतं ते पुढच्या वाक्यानं: 'हे जनुक विभाजन वाढवतं, म्हणजे अवयव मोठा करतं.' फळमाशीनं हे केव्हाच खोटं पाडलंय.

तिचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर. आत केंद्रकं १३ वेळा विभागतात, सुमारे ६००० पेशी होतात, भ्रूण मात्र तेवढाच. अळीच्या लाळग्रंथीत उलटं: पेशी विभागतच नाहीत, नुसता डीएनए दुप्पट करत अवाढव्य होतात. इथवर सगळे माना डोलावतात.

घोडं अडतं पंखापाशी. अळीच्या शरीरातल्या पंखाच्या चकतीत (म्हणजे ज्या ऊतीपासून पुढे पंख बनतो तिच्यात) काही डझन पेशींच्या सुमारे ५०,००० होतात. वाढ आणि विभाजन हातात हात घालून चालतात, म्हणून विभाजनच वाढीला ओढतं असं वाटतं. १९९८ साली न्यूफेल्ड, एडगर आणि सहकाऱ्यांनी चकतीतल्या काही पेशींत ई-टू-एफ हे प्रथिन जादा बनवलं. विभाजन वेगानं झालं, पेशी जास्त झाल्या, पण प्रत्येक पेशी लहान! त्यांनी व्यापलेली जागा जवळपास तेवढीच. आरबीएफ या ई-टू-एफला रोखणाऱ्या प्रथिनानं ब्रेक लावला तर पेशी थोड्या पण मोठ्या. जागा पुन्हा तेवढीच. सुरी जास्त वेळा फिरवली म्हणून ताटातल्या वड्यांचा ऐवज वाढत नाही.

ई-टू-एफ डीएनएची प्रत काढायला हिरवा कंदील देतं. स्ट्रिंग हे प्रथिन सीडीके-१ या विभाजन घडवणाऱ्या विकरावरचा फॉस्फेट काढून प्रत्यक्ष विभाजन सुरू करतं. दोघं फक्त 'कधी' ते ठरवतात. प्रथिनं, रायबोसोम हा माल वाढवणारे वेगळेच: इन्शुलिनचा संदेश, आणि टॉर व मिक ही प्रथिनं. मिक कमजोर झालं की माशीच बारकी राहते. ते जादा केलं तर पेशी मोठ्या होतात, पण विभाजनाचा एकूण वेळ घटत नाही: पहिला टप्पा आखडतो, तर स्ट्रिंगची वाट पाहण्यात पुढचा लांबतो.

त्यामुळे नुसत्या पेशी मोजून 'वाढ' दाखवणारा आलेख मला चालत नाही. क्षेत्रफळ दाखवा.

यावर कुणीतरी हिप्पो या जनुकाचं उदाहरण तोंडावर फेकतंच: हिप्पो काढला की पेशी वाढतात आणि अवयवही. बरोबर आहे. पण हिप्पो ज्याला आवरून धरतं ते यॉर्की हे प्रथिन तेव्हा मोकळं सुटतं; ते विभाजनाला ढकलणारं सायक्लिन-ई आणि वाढीचं मिक दोन्ही चालू करतं, वर पेशींना मरूही देत नाही.